तेल, मेण आणि गंज : कर्जत-खालापूरच्या गडांवरील तोफा-बंदुकांची गोष्ट

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. गडाची जागा कशी निवडावी, दरवाजे कसे बांधावे, पाणी कसे राखावे, हा त्यातील भाग पुष्कळांनी वाचलेला असतो. त्याच प्रकरणात एक सूचना येते, तिच्याकडे मात्र फारसे कोणी थांबून पाहत नाही. पाऊसकाळ जवळ आला की तोफांना व दरवाजांना तेल आणि मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावे आणि प्रत्येक तोफेवर तिच्यापुरते आच्छादन घालावे, म्हणजे ती वाया जाणार नाही. राज्याची नीती सांगणाऱ्या ग्रंथात तेला-मेणाला जागा मिळावी, यावरूनच गंज हा त्या काळी किती मोठा शत्रू होता हे ध्यानात येते.

काना म्हणजे तोफेच्या मागील बाजूस वरून पाडलेले बारीक छिद्र. त्यात रंजक भरून बत्ती दिली जाते. तोफेचे तोंड कितीही मोठे असले तरी तिचे मर्म या छिद्रात आहे. पाणी तेथून आत उतरले की दारू भिजतेच, शिवाय छिद्राच्या कडा गंजून झिजतात, भोक रुंदावते आणि बार होताना तेथूनच ज्वाळा मागे फुटते. रुंदावलेल्या कान्याची तोफ शत्रूइतकीच गोलंदाजालाही घातक. मेणाचा एक गोळा हे सारे टाळतो, आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

ही सूचना कोठे सर्वाधिक लागू पडत असेल, तर ती सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर. आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्राला लागून नाहीत, पण घाटाच्या भिंतीला टेकलेले आहेत. अरबी समुद्रावरून आलेले ढग येथे अडतात आणि रिते होतात. कर्जत तालुक्यातील माथेरानला वर्षाकाठी साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत डोंगरमाथे धुक्यात बुडालेले असतात, कातळातील गुहांच्या भिंती पाझरत असतात आणि घरातील धान्यालाही ओल धरते. लोखंडाची काय कथा!

गंज कसा धरतो हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. कोरड्या हवेत लोखंड वर्षानुवर्षे टिकते. मात्र हवा दमट झाली की पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि त्या थरात धातू हळूहळू विरघळू लागतो. तयार होणारा तांबूस गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे धरतो आणि गळून पडतो. गळाला की खालचे नवे लोखंड उघडे पडते. तांब्यावर चढणारा हिरवा थर तांब्याला बऱ्याच अंशी राखतो. लोखंडावरचा तांबडा गंज ओल धरून ठेवतो आणि लोखंडालाच खातो.

बंदुकीच्या बाबतीत ओलीला आणखी एक साथीदार मिळतो, तो म्हणजे खुद्द दारू. शोरा, गंधक आणि कोळसा यांची जुनी काळी दारू जळाली की तिचा मोठा हिस्सा धूर व राख होऊन मागे उरतो. या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतील ओल ओढून घेतात. बार काढून बंदूक तशीच भिंतीला टेकवून ठेवली, तर पावसाळ्यात सकाळपर्यंत नळीच्या आत तांबडी बुरशी दिसू लागते. म्हणूनच ठासणीच्या बंदुकीची नळी तेलाने नव्हे, आधी पाण्याने धुवावी लागते. ते पाणी कढत हवे. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. पाणी कढत असले की धातू तापतो आणि नळी आपोआप लवकर वाळते. मग गजाला फडके गुंडाळून ती कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हात द्यायचा. क्रम उलटा झाला, म्हणजे राखेवरच तेल चोपडले, तर तेलाखाली गंज निवांत वाढतो.

या दोन तालुक्यांत शस्त्रसाठ्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका गड कोथळीगड. कर्जतच्या पूर्वेस, आंबिवलीहून वर चढले की पेठ नावाचे गाव लागते आणि त्याच्या डोक्यावर कातळाचा सुळका उभा दिसतो. गावावरून या गडाला पेठचा किल्ला असेही म्हणतात. सुळक्याच्या पोटात कोरीव खांबांची गुहा आहे आणि माथ्यावर जाणारा जिना सुळक्याच्या आतून खोदून काढलेला आहे. गडाचा विस्तार इतका लहान की मोठी शिबंदी येथे राहणे अशक्य. तरीही संभाजी महाराजांच्या काळात या लहानशा गडाला मोठे महत्त्व आले, ते येथे शस्त्रांचे कोठार होते म्हणून. भीमाशंकराकडे चढणाऱ्या घाटवाटांवर लक्ष ठेवणाऱ्या मराठी तुकड्या येथून हत्यारे नेत असत.

कोठार म्हणून सुळक्याची गुहा निवडणे सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तम होते. हवेच्या दृष्टीने तितके नाही. कातळातली गुहा उन्हाळ्यात थंड असते, आणि थंड धातूवर दमट वारा लागला की त्यावर दव धरते. आज्ञापत्र दारूखान्याविषयी सांगते की दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. पावसाळी आठवड्यांत ऊन कोठून आणायचे, हा प्रश्न कोथळीगडासारख्या ठिकाणी हवालदाराला दरसाल पडत असणार. अशा वेळी बंदुका कोरड्या ठेवण्याचा भरवसा तेलावर, मेणावर आणि माणसाच्या हातावर.

या गडाचा घात मात्र गंजाने केला नाही. नोव्हेंबर १६८४ मध्ये मोगलांचा सरदार अब्दुल कादर आणि मराठ्यांकडून फुटून गेलेला माणकोजी पांढरे यांनी रात्री गड गाठला. हत्यारे न्यायला आपलीच माणसे आली आहेत अशी बतावणी करून त्यांनी दरवाजा उघडवला. आत शिरताच लढाई जुंपली आणि तिच्यात दारूगोळ्याचे कोठार जळाले. गड परत घेण्यासाठी नारोजी त्रिंबक यांनी निकराचा प्रयत्न केला आणि त्यात ते धारातीर्थी पडले. ज्या कारणासाठी दरवाजा रोज उघडत होता, त्याच कारणाच्या आवाजाने तो शत्रूला उघडला गेला. कोठार असलेल्या गडाची ही दुबळी बाजू कोणत्याही तटबंदीने झाकली गेली नसती.

आता दिनदर्शिकेकडे पाहू. आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी घरातील शस्त्रे काढून, घासूनपुसून, त्यांना तेल देऊन त्यांची पूजा करतात. दुसऱ्या दिवशी दसरा आणि सीमोल्लंघन. या क्रमाकडे केवळ धार्मिक दृष्टीने पाहिले तर त्यातला व्यवहार निसटतो. आश्विनात पाऊस ओसरलेला असतो, नद्यांना उतार पडलेला असतो आणि वाटा वाळू लागलेल्या असतात. मोहिमेला निघण्याचा हा काळ. चार महिने कोपऱ्यात राहिलेले शस्त्र निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या हातून एकदा तपासले जाते. गंज कोठे धरला, मूठ कोठे सैल झाली, म्यानात ओल आहे काय, हे सारे त्या एका दिवशी उघडे पडते. कोणत्याही सैन्याला वार्षिक शस्त्रतपासणीसाठी याहून चांगला मुहूर्त सुचला नसता.

लढायांच्या तारखाही हेच सांगतात. खालापूर तालुक्यातील चावणीजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, ती २ फेब्रुवारी १६६१ रोजी. शायिस्ताखानाने पाठवलेली ही फौज कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होती. माघ महिना, कोरडी हवा, सुकी दारू, न विझणारा तोडा. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागते आणि ती वात पावसात जगत नाही. हीच खिंड आषाढात असती, तर दबा धरून बसलेल्यांच्या बंदुकाही मुक्या राहिल्या असत्या. रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामानसुमान मागे टाकून परतला, ही हकीकत परमानंदाच्या शिवभारतात आली आहे.

बंदुकीच्या नळीच्या रंगाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण जुनी बंदूक हाती आलेल्या माणसाची पहिली चूक तेथेच होते. जुन्या नळ्यांचा तपकिरी किंवा निळसर काळा रंग हा वरून दिलेला रंग नाही. तो गंजच आहे, पण शिस्तीत वाढवलेला. कारागीर नळी स्वच्छ करून तिच्यावर क्षाराचे पातळ द्रावण लावीत, मंद ओलीत तिला गंज धरू देत, सुटा थर घासून काढीत आणि हे पुनःपुन्हा करीत. शेवटी एकजीव तपकिरी थर बसे. हाच तांबूस थर उकळत्या पाण्यात धरला की त्याचे रूपांतर काळ्या, घट्ट ऑक्साइडात होते. हा थर लोखंडाला चिकटून राहतो, पापुद्रे धरत नाही आणि तेल चांगले शोषतो.

तेव्हा अशा नळीवरचा नवा तांबडा गंज काढणे म्हणजे वाईट गंज काढून चांगला गंज राखणे. दोघेही एकाच कुळातले असल्याने आम्लाला त्यांच्यातला भेद कळत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी तांबडा डाग जातो खरा, पण त्याच्याबरोबर मूळचा काळा थरही जातो आणि नळी करड्या, नागड्या लोखंडाची होऊन बसते. देवघरातील तांब्याची भांडी चिंचेने उजळतात, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. तोच न्याय बंदुकीला लावल्याने कित्येक जुन्या नळ्यांचे रूप गेले. वीटकरीची पूड आणि पॉलिश कागद यांचीही तीच गत.

योग्य रीत कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती फारशी पाळली जात नाही. प्रथम पातळ तेल लावून दिवसभर, गरज पडल्यास अधिक काळ, मुरू द्यावे. तेल गंजाच्या सच्छिद्र थरात शिरते आणि त्याची पकड सैल करते. मग मऊ फडक्याने पुसावे. एवढ्याने न निघाल्यास पितळेच्या किंवा काशाच्या बारीक तारेच्या बोळ्याने, तेल असतानाच, हलक्या हाताने घासावे. पितळ पोलादापेक्षा मऊ असते, त्यामुळे सुटा गंज निघतो आणि खालचा घट्ट थर बहुधा वाचतो. आधी दस्त्याखाली झाकलेल्या, न दिसणाऱ्या भागावर करून पाहावे. सोन्याचांदीची कोफ्तगरी असेल तेथे तारेचा बोळा नेऊच नये, कारण गंज त्या पातळ पत्र्याच्या खाली धरलेला असतो आणि घासताच नक्षी उचलली जाते. गंजाने पडलेले खड्डे भरून येत नाहीत. ते बुजवण्याच्या नादात आजूबाजूचे चांगले लोखंड घासून सपाट करणे म्हणजे दाताला कीड म्हणून जबडा तासणे.

शेवटचा हात तेलाचा की मेणाचा, हे वस्तूच्या उपयोगावर ठरते. वापरातल्या शस्त्राला न सुकणारे तेल बरे. जवसासारखे सुकणारे तेल काही दिवसांनी चिकट होते आणि चापाचे भाग अडकवते. नुसती जपून ठेवायची वस्तू असेल तर मेण श्रेष्ठ, कारण ते ओघळत नाही आणि धूळ धरत नाही. रामचंद्रपंतांनी दोन्ही सांगितली आहेत, ती उगाच नव्हे.

१८१७-१८ च्या युद्धात कोथळीगड आणि आसपासचे गड इंग्रजांकडे गेले आणि गडांवरच्या शस्त्रांचे प्रयोजन संपले. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर मिळालेल्या ठासणीच्या बंदुका कोकणात पुढेही दिसत राहिल्या. तोफांना मात्र ना मालक राहिला ना हवालदार. त्या जेथे होत्या तेथे, किंवा जेथे ढकलल्या तेथे, मातीत रुतून पडल्या. दोनशे पावसाळे त्यांना ना तेल मिळाले ना मेण.

तरीही त्यांपैकी पुष्कळ टिकल्या. याचे एक कारण त्यांची जाडी, दुसरे कारण समुद्राचे अंतर. मुरूड-जंजिरा किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरील तोफांत खाऱ्या वाऱ्याचे क्लोराइड खोलवर मुरलेले असते. वरचा गंज काढला तरी आतून पुन्हा पाझर फुटतो, आणि समुद्रातून काढलेल्या तोफा तर अल्कली द्रावणात, सौम्य वीजप्रवाहाखाली महिनोन्महिने ठेवाव्या लागतात. कर्जत-खालापूरकडे पाऊस प्रचंड असला तरी तो गोडा आहे. येथील तोफेवर कालांतराने काळसर, घट्ट थर बसतो आणि तो पुष्कळसा स्थिर असतो.

गेल्या काही वर्षांत दुर्गप्रेमी तरुणांनी महाराष्ट्रभर मातीत पडलेल्या तोफा उचलून सागवानी गाड्यांवर बसवल्या. हे काम निःसंशय मोलाचे आहे. मातीत अर्धवट रुतलेली तोफ खालून झपाट्याने कुजते, म्हणून तिला जमिनीपासून उचलणे हाच अर्धा उपचार. पण उरलेल्या अर्ध्या उपचारात काही ठिकाणी यंत्राची तारेची चाके फिरली, ग्राइंडर चालले आणि वर काळा चकचकीत तैलरंग चढला. छायाचित्रात तोफ नवीकोरी दिसते. नुकसान छायाचित्रात दिसत नाही.

ते नुकसान कोणते, हे एका उदाहरणाने कळेल. इंग्रजी ओतीव तोफांवर पुष्कळदा तीन आकडे खोदलेले असतात. समजा ९–२–१४ असे आहेत. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब केला की १,०७८ पौंड, म्हणजे सुमारे ४८९ किलो हे वजन निघते. वजनावरून तोफेची जात, जातीवरून काळ आणि राजचिन्हावरून मालक ओळखता येतो. मराठ्यांनी इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज अशा अनेकांच्या तोफा मिळवल्या होत्या. डोंगरातल्या एखाद्या गडावर परदेशी तोफ कोणत्या वाटेने आली, याचा कागद बहुधा उरलेला नसतो. उरतात ती ही चार चिन्हे.

आणि ही चिन्हे धातूवर नसतात, गंजात असतात. शेकडो वर्षे गंजलेल्या लोखंडाचा मूळ पृष्ठभाग गंजाच्या थराच्या आतच कोठेतरी जपलेला असतो. ओतीव लोखंडात तर लोखंड निघून जाते आणि मागे ग्रॅफाइटचा मऊ सांगाडा राहतो. आकार तोच, अक्षरे तीच, पण ती नखानेही खरवडता येतील इतकी मऊ. तेथे यंत्राचे चाक टेकले की एका मिनिटात अक्षरे धूळ होतात. लोखंडी पट्ट्या जोडून त्यावर तापवलेली कडी चढवलेली बांगडी तोफ असेल, तर कड्यांच्या सांध्यातला गंज हाच कित्येकदा तिला एकत्र धरून असतो. कान्यात ठोकलेला खिळा तर कचरा समजून उपटलाच जातो. वस्तुतः शत्रूच्या हाती तोफ जाताना ती निकामी करण्यासाठी असा खिळा ठोकत, तेव्हा तो खिळा म्हणजे त्या गडाच्या शेवटच्या दिवसाचा साक्षीदार असू शकतो.

जिवाचा धोकाही आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अठराव्या शतकातील एक तोफ दीर्घकाळ लोकांसमोर मांडलेली होती. १७८० मध्ये बुडालेल्या हुसार या ब्रिटिश युद्धनौकेवरची ती तोफ. जानेवारी २०१३ मध्ये गंज काढण्यासाठी तिच्या तोंडाचे बूच उघडले तेव्हा आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू, जशीच्या तशी भरलेली सापडली. पोलिसांचे बॉम्बनाशक पथक बोलवावे लागले. समुद्रातून निघालेल्या तोफेत दारू टिकते, तर मातीने तोंड बुजलेल्या गडावरच्या तोफेत ती नसेलच असे गृहीत धरून ठिणग्या उडवणारे यंत्र लावणे हा निव्वळ अविचार होय.

संवर्धनशास्त्रात गंजलेल्या लोखंडावर टॅनिक आम्लाचे सौम्य द्रावण लावण्याची पद्धत मान्य आहे. टॅनिन गंजाशी संयोग पावून निळसर काळे, स्थिर संयुग तयार करते. वर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हात दिला की ओल अडते. या रसायनाशी मराठी माणसाची ओळख फार जुनी आहे. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाई करीत, तिच्यात हीच क्रिया घडते. हिरड्यात टॅनिन असते, हिराकशीत लोखंड. कोथळीगडाच्या माथ्यावरून दिसणाऱ्या भीमाशंकराच्या रानात महादेव कोळी समाज आजही हिरडा गोळा करतो. अर्थात घरी केलेला हिरड्याचा काढा तोफेवर ओतावा असे नव्हे. त्यात इतरही द्रव्ये असतात आणि प्रमाण हाती राहत नाही. द्रावण शुद्ध हवे आणि लावणारा हात जाणता हवा.

कायद्याने तोफ ही पुरावस्तू आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि संरक्षित गडावरील कोणत्याही कामाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. घरात पिढ्यानपिढ्या असलेल्या बंदुकीचे वेगळे. ती कोणत्याही दुरुस्तीने चालणार नाही अशी पुरातन असेल, तरच १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सवलत तिला मिळते, एरवी परवाना लागतो. म्हणजे गंज काढता काढता चाप मोकळा करून बंदूक चालती केली, तर कायद्याच्या नजरेत ती वस्तू बदलते.

परवानगी मिळून तज्ज्ञ येईपर्यंत गावकऱ्यांना आणि गडप्रेमींना करता येण्यासारखे जे आहे, त्यात यंत्र कोठेच येत नाही. तोफेभोवतीची ओली माती व पालापाचोळा दूर करावा. वरची धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. अक्षरे किंवा आकडे दिसल्यास सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे छायाचित्र घ्यावे, कारण तिरप्या प्रकाशात उथळ खोदकामही उठून दिसते. गाड्यावर बसवताना तोंड किंचित खाली झुकलेले ठेवावे, म्हणजे आत गेलेले पाणी साचत नाही. आणि ज्येष्ठ लागण्यापूर्वी काना मेणाने बुजवावा.